बाळंतपणानंतर पाळणा लांबवायचा: तांबी, कांडी की इंजेक्शन?

गवतीचहा

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत बायकांच्या हातात द्यायचा एक तक्ता करते आहे. एकच पान. विषय: बाळंतपणानंतर वापरायची, बराच काळ टिकणारी पण हवी तेव्हा थांबवता येणारी साधनं. नसबंदी, रोजच्या गोळ्या आणि निरोध यात नाहीत. सध्या एवढं लिहून झालंय:

तांबी (कॉपर टी ३८० ए): हार्मोन नाही, १० वर्षं. पहिल्या वर्षात हजारात ६ ते ८ जणींना दिवस राहतात.

हार्मोनची तांबी (लेव्होनॉर्जेस्ट्रेल, ५२ मिलिग्रॅम): ५ ते ८ वर्षं, देशागणिक मान्यता वेगळी. अपयश साध्या तांबीइतकं किंवा त्याहून कमी.

दंडातली कांडी (इम्प्लांट): इटोनोजेस्ट्रेलची एक कांडी किमान ३ वर्षं, लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या दोन कांड्या ५ वर्षं. अपयश हजारात एक किंवा त्याहून कमी.

इंजेक्शन (डीएमपीए हे हार्मोन, १५० मिलिग्रॅम): दर ३ महिन्यांनी. तारखा काटेकोर पाळल्या तर हजारात २, पण तारखा चुकतातच, म्हणून प्रत्यक्षात शंभरात ४.

माझं मत असं की वार पडल्यावर, बाई टेबलावर असतानाच तांबी बसवून मोकळं व्हावं. पण तक्ता परत वाचला तर पहिल्या तीन ओळींचे आकडे इतके जवळजवळचे आहेत की वाचणारीला त्यावरून काहीच ठरवता येणार नाही. कुठला रकाना राहिलाय?

दुपारचं_ऊन

रुमाल टाकून ठेवते.

रात्रपाळी

घड्याळ राहिलंय. तक्ता साधनांप्रमाणे लावलाय, तो वेळेप्रमाणे लावा. बाळंतिणीच्या बाबतीत "कुठलं चांगलं" याच्या आधी "आज कितवा दिवस" हा प्रश्न येतो.

तांबी, साधी असो वा हार्मोनची: वार पडल्यापासून १० मिनिटांत सगळ्यात उत्तम, फार तर ४८ तासांपर्यंत. ती वेळ हुकली की दार बंद, ते चार आठवडे पूर्ण झाल्यावरच उघडतं. मधल्या काळात गर्भाची पिशवी झपाट्याने आकसत असते, भिंत मऊ असते, तिचं तोंड धड उघडं नाही की मिटलेलं नाही. तेव्हा बसवलेली तांबी निसटण्याची, आरपार जाण्याची आणि जंतुसंसर्गाची भीती जास्त. जागतिक आरोग्य संघटना या मधल्या काळाला ३ नंबर देते, म्हणजे सहसा नकोच. बाळंतरोगाचा ताप असेल तर ४, म्हणजे अजिबात नाही.

कांडी: कुठल्याही दिवशी. घरी सोडायच्या आधीसुद्धा.

इंजेक्शन: बाळ अंगावर पीत नसेल तर लगेच. पीत असेल तर त्याच संघटनेच्या मते सहा आठवड्यांनी.

एवढं कळलं की निम्म्या बायकांचा निम्मा प्रश्न सुटतो. तिसऱ्या दिवशी घरी निघालेली बाई "काहीतरी देऊन ठेवा" म्हणाली तर अंगावर पाजणारीसाठी या चारांतून एकच उरतं, कांडी. ती नको असेल तर चार आठवड्यांनंतरची तारीख हातात द्यायची आणि तोवरची सोय सांगायची.

कात्री

रात्रपाळींशी सहमत. धागाकर्तीचं "वार पडल्यावर लगेच" हे वाचायला सोपं आहे. करताना त्यातलं सगळं कौशल्य तांबी पार माथ्यापर्यंत, म्हणजे पिशवीच्या घुमटापर्यंत नेण्यात आहे. पडलेल्या तांब्यांमागचं एक मोठं कारण हेच, ती माथ्यापर्यंत गेलेलीच नसते.

नेहमीच्या नळीने हे होत नाही, कारण बाळंतपणानंतर पिशवी लांबलचक झालेली असते आणि नळी पोचत नाही. लागतो तो लांब, बाकदार केली फोर्सेप्स. वार पूर्ण आली, पिशवी घट्ट झाली, रक्तस्राव आटोक्यात आहे हे बघितल्यावर पिशवीच्या तोंडाची पुढची ओठी रिंग फोर्सेप्सने धरायची, योनिमार्ग आणि तोंड जंतुनाशकाने पुसायचं, आणि तांबी केलीमध्ये अशी धरायची की तिचं वरचं टोक फोर्सेप्सच्या टोकाशी राहील. फोर्सेप्स पिशवीच्या खालच्या भागात गेली की एक हात पोटावर ठेवून पिशवी बाईच्या डोक्याच्या दिशेने वर सरकवायची. हे महत्त्वाचं. नुकती रिकामी झालेली पिशवी पुढे कलंडलेली असते आणि तिचा योनिमार्गाशी कोन होतो. तो सरळ केला नाही तर फोर्सेप्स त्या कोनात अडते आणि करणाऱ्याला वाटतं, माथा लागला. तांबी राहते अर्ध्या वाटेवर.

माथा लागल्याची खूण म्हणजे पोटावरच्या हाताला आतून टोक जाणवतं. मग फोर्सेप्स उघडायची, थोडी बाजूला सरकवायची आणि किंचित उघडी ठेवूनच, भिंतीलगत, हळूहळू बाहेर. मिटून काढली तर तांबीला खाली लोंबणारा धागा तिच्यात अडकतो आणि बसवलेली तांबी सोबत येते. पोटावरचा हात फोर्सेप्स पूर्ण बाहेर येईपर्यंत काढायचा नाही.

सिझर असेल तर सोपं. वार काढल्यावर छेदातून हाताने किंवा रिंग फोर्सेप्सने माथ्यावर ठेवायची, धागा तोंडाच्या दिशेने सोडायचा, आणि टाके घालताना तो सुईत येत नाही एवढं बघायचं. सिझरमध्ये बसवलेली तांबी पडण्याचं प्रमाण योनिमार्गे बसवलेलीपेक्षा स्पष्टपणे कमी आहे.

कधी बसवायची नाही: पाणी जाऊन १८ तासांपेक्षा जास्त झालेत, ताप आहे, पाण्याला दुर्गंधी आहे, किंवा रक्तस्राव थांबत नाहीये. अशा वेळी "आता ठरलंच होतं ना" म्हणून रेटायचं नाही.

साखरझोप

धाग्यावर धाग्याची इतकी तपशीलवार चर्चा पहिल्यांदाच पाहिली. 😄

ठाम_मत

लगेच बसवण्याचं एवढं कौतुक का, हे मला कळलेलं नाही. लगेच बसवलेल्या तांब्यांपैकी साधारण दहात एक पडते. चार-सहा आठवड्यांनी नीट बसवली तर शंभरात दोन-चार. हार्मोनची तांबी लगेच बसवली तर साध्या तांबीपेक्षाही जास्त पडते. मग सहा आठवडे थांबायला काय हरकत आहे? बाळाच्या लसीसाठी बाई येणारच आहे, त्याच फेरीत होईल.

आणि कळा देणाऱ्या बाईला "तांबी बसवू का" विचारणं याला मी संमती म्हणत नाही.

रात्रपाळी

संमतीबद्दल शंभर टक्के अनुमोदन. ती गरोदरपणीच घ्यायची, कागदावर नोंदवायची, आणि प्रसूतीच्या खोलीत फक्त "अजून हवीच आहे ना?" एवढं विचारायचं. नाही म्हणाली तर विषय संपला. गवतीचहा, तुमचा तक्ता शेवटच्या महिन्यांत हातात जातोय हे म्हणूनच बरोबर आहे.

बाकी हिशोब मात्र तुम्ही अर्धाच केलात. दहात एक पडली म्हणजे दहात नऊ जागेवर आहेत. थांबायला सांगितलेल्या दहांपैकी सहा आठवड्यांनी किती जणी खरंच येतात, आणि आल्या तर त्या दिवशी बसवणारं माणूस हजर असतं का, हे पण मोजा. बाळ लसीला येतं, पण त्याला आणणारी दर वेळी आईच असते असं नाही. बाळ अंगावर पीत नसेल तर बीज २५व्या दिवसाच्या आसपासही सुटू शकतं. म्हणून संरक्षण २१व्या दिवसापासून धरायचं. म्हणजे पहिली पाळी दिसायच्या आधीच दिवस राहू शकतात.

पडलेली तांबी परत बसवता येते. भीती आहे ती नकळत पडलेलीची. पहिले काही आठवडे तसंही अंगावरून जात असतं, त्यात तांबी निघून गेली तर लक्षात येत नाही, आणि बाई निर्धास्त राहते. म्हणून लगेच बसवणाऱ्यांनी सहा आठवड्यांची तपासणी सोडायचीच नाही.

नवी_वाचक

माझ्या माहितीप्रमाणे बाळ अंगावर असेपर्यंत दिवस राहत नाहीत. मग एवढी घाई कशाला?

रात्रपाळी

त्याला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम पाळल्या जायला हव्यात. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, पाळी अजून आलेली नाही, आणि बाळ दिवसा-रात्री फक्त अंगावरचंच पितं, वरचं काही नाही. असं असेल तर ९८ टक्के भरवसा. यातली एक अट मोडली, म्हणजे बाळ रात्रभर सलग झोपायला लागलं, वरचं दूध सुरू झालं, एकदा पाळी येऊन गेली, की त्या दिवसापासून हा उपाय संपला. "अजून पाजतेच आहे" या भरवशावर पाठचं भावंड आलेली घरं भरपूर आहेत.

ठाम_मत

घाईचा प्रश्न निघालाच आहे तर तक्त्यात हेही असू द्या: एका बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहायच्या आधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. एवढंच अंतर हवं असेल तर १० वर्षांची तांबी कशाला?

कात्री

१० वर्षं ही मुदत आहे, शिक्षा नाही. 🙂 दोन वर्षांनी काढता येते. काढल्यावर दिवस राहण्याची क्षमता लगेच पूर्ववत होते, कांडीचंही तसंच. उशीर होतो तो इंजेक्शनने. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला सरासरी १० महिने लागतात. दोन वर्षांचं अंतर हवं असलेल्या बाईसाठी हा फरक मोठा आहे.

मात्रा

औषधांच्या बाजूने थोडं.

इंजेक्शनला "दीर्घकालीन" म्हणायचं की नाही यावरच मार्गदर्शक तत्त्वांमध्ये एकमत नाही. काही त्याला या यादीत धरतात, काही नाही. माझं मत: नसावं. टिकतं तीन महिने, आणि एकदा दिलं की परत काढता येत नाही. तांबी किंवा कांडी सोसली नाही तर काढून टाकता येते, इंजेक्शन सोसलं नाही तर ते अंगातून ओसरेपर्यंत वाट बघायची.

तारीख हुकली तरी चार आठवड्यांपर्यंत उशिरा देता येतं, हे बऱ्याच ठिकाणी माहीत नसतं आणि बाईला रिकाम्या हाताने परत पाठवतात. दोन आठवडे आधीही चालतं. टोचल्यावर जागा चोळायची नाही, नाहीतर औषध लवकर शोषलं जातं. त्वचेखाली द्यायचं १०४ मिलिग्रॅमचंही येतं, ते बाई शिकून स्वतः घेऊ शकते.

दुधाचा मुद्दा. या चारही साधनांत इस्ट्रोजेन नाही. म्हणून दूध आटण्याची आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत रक्ताच्या गुठळ्यांची जी भीती मिश्र गोळ्यांना असते, ती इथे लागू होत नाही. कांडी पहिल्या सहा आठवड्यांत पाजणाऱ्या आईला २०१५ पासून जागतिक आरोग्य संघटनेने २ नंबरात, म्हणजे "सहसा चालेल" मध्ये घातली आहे. इंजेक्शन त्या काळात अजून ३ मध्ये आहे, कारण एका डोसात जाणारं हार्मोन जास्त असतं. अमेरिकेची तत्त्वं याबाबत सैल आहेत, त्यामुळे दोन डॉक्टरांकडून दोन उत्तरं मिळाली तर कुणीतरी चुकतंय असं समजू नका.

आणि एक ओळ ठळक अक्षरात लिहा: फिट्सवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, क्षयाची रिफाम्पिसिन, एचआयव्हीवरची इफाविरेन्झ यांपैकी काही चालू असेल तर कांडीचा भरवसा कमी होतो. यकृत त्या औषधांमुळे हार्मोन भराभर निकालात काढतं. दोन्ही तांब्यांना आणि इंजेक्शनला हा अडथळा नाही. बाई हे आपणहून सांगत नाही, कारण "फिट्सच्या गोळ्यांचा दंडाशी काय संबंध" असं कुणालाही वाटेल. विचारावं लागतं.

दुपारचं_ऊन

कांडीबद्दल दोन शंका. ती अंगात फिरते का? आणि ती घातल्यापासून सतत डाग जातात अशी तक्रार फार ऐकू येते.

कात्री

पहिलीचं उत्तर देतो. नीट बसवली तर फिरत नाही, फार तर दोनेक सेंटिमीटर सरकते. फिरण्याच्या गोष्टी बहुतेक खोल घातलेल्या कांडीच्या असतात. कांडी ४ सेंटिमीटर लांब, २ मिलिमीटर जाड, आत ६८ मिलिग्रॅम इटोनोजेस्ट्रेल. जागा: ज्या हाताने बाई काम कमी करते त्या दंडाच्या आतल्या बाजूला, कोपराच्या आतल्या हाडापासून ८ ते १० सेंटिमीटर वर. तिथून पुन्हा ३ ते ५ सेंटिमीटर मागे, कारण दोन स्नायूंमधल्या खोबणीत रक्तवाहिन्या आणि नसा असतात, तिथे घालायची नाही. बधिर करायला १ टक्का लिग्नोकेन २ मिलिलिटर पुरतं. सुई टोचली की आडवी करायची आणि कातडी टोकाने वर उचलत, तंबूसारखी ताणत न्यायची. सुई कातडीखाली दिसत राहिली पाहिजे. दिसेनाशी झाली तर खोल चाललोय.

घातल्याबरोबर दोन बोटांनी दोन्ही टोकं चाचपायची आणि बाईलाही चाचपायला लावायची. हाताला लागली नाही तर "असेल आत" म्हणून पट्टी बांधायची नाही. एक्स-रे किंवा सोनोग्राफीत दिसेपर्यंत ती बसवली असं धरायचंच नाही आणि तोवर दुसरं साधन वापरायचं. जाड दंड हे खोल जाण्याचं कारण नाही, चुकीचा कोन हे कारण आहे.

काढताना दोन-तीन मिलिमीटरचा छेद, कोपराकडच्या टोकाशी. बधिर करायचं औषध कांडीच्या खाली द्यायचं. वर दिलं तर सूज येते आणि कांडी हरवते. वरचं टोक बोटाने दाबलं की खालचं छेदातून डोकावतं. हाताला न लागणारी कांडी मात्र अंदाजाने कापत शोधायची नाही, सरळ पुढे पाठवायची.

रात्रपाळी

दुसरीचं मी. तक्रार खरी आहे आणि ती आधीच सांगायला हवी. कांडीने पाळी कशी होईल हे कुणीच सांगू शकत नाही. साधारण पाचात एकीची पाळी बंद होते, साधारण तितक्याच जणींना वरचेवर किंवा लांबलेला स्राव होतो, बाकीच्यांचं थोडं-थोडं, अनियमित. पहिल्या तीन महिन्यांत जो प्रकार दिसतो तो बऱ्याचदा पुढे तसाच राहतो. सुरुवात चांगली असेल तर सहसा चांगलीच, पण वाईट सुरुवात काहींची सुधारते.

बाळंतिणीत अजून एक गोंधळ: पहिले चार ते सहा आठवडे जे अंगावरून जातं ते बाळंतपणाचं असतं. त्याचा आळ कांडीवर येतो आणि दुसऱ्याच महिन्यात "काढून टाका" सुरू. बसवतानाच सांगून ठेवलं तर टळतं.

त्रास होत असेल तर मेफेनॅमिक अ‍ॅसिड ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोन-तीनदा, जेवणानंतर, पाच दिवस, हा नेहमीचा पहिला उपाय. अर्थात डॉक्टरांना विचारून, जठरव्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर. स्राव थांबवायला एरवी मिश्र गोळ्याही देतात, पण सहा महिन्यांच्या आतलं बाळ अंगावर असेल तर त्या टाळायच्या. आणि एवढं करून नकोच असेल तर काढायची. अनियमित स्राव अपायकारक नाही हे खरं, पण "अपायकारक नाही" म्हणजे "सोसलंच पाहिजे" नव्हे.

साध्या तांबीचं उलट: पाळी वेळेवर येते, पण पहिले तीन ते सहा महिने जास्त जाते, पोटात दुखतं. हार्मोनच्या तांबीने सुरुवातीला डाग आणि मग पाळी कमी-कमी. वर्षभराने साधारण पाचात एकीची बंद. ज्यांना आधीपासून पाळी भरपूर जाते किंवा रक्त कमी आहे, त्यांच्यासाठी ती नुसतं गर्भनिरोधक नाही, उपचारही आहे.

साखरझोप

अवांतर: तांबीचा शोध वाळवंटातल्या व्यापाऱ्यांनी उंटिणीच्या पिशवीत खडे घालून लावला म्हणे. खरं का?

मात्रा

कुठलाही पुरावा नसलेली गोष्ट आहे, पण सगळ्या व्याख्यानांची सुरुवात तिनेच होते. उंटिणीला धरून तो प्रयोग करणारा माणूस डोळ्यांसमोर आणून बघा.

खरी गोष्ट जास्त रंजक आहे. १९६०च्या दशकाच्या शेवटी हॉवर्ड टॅटम यांनी पिशवीच्या आकाराला जुळणारा प्लॅस्टिकचा टी बनवला. दुखणं आणि पडणं कमी झालं, पण नुसत्या टीवर वर्षाला शंभरात सुमारे १८ जणींना दिवस राहत. चिलीच्या हाइमे झिपर यांनी तांबं शुक्रजंतूंना मारक ठरतं हे दाखवलं होतं. दोघांनी मिळून टीवर ३० चौरस मिलिमीटर तांबं लावलं, आकडा ५ वर आला. २०० लावलं, १ वर आला. ३८० ए मधला ३८० आकडा हाच, तांब्याच्या पृष्ठभागाचे चौरस मिलिमीटर. गर्भ पाडणं हे तिचं काम नाही. तांब्याचे आयन शुक्रजंतूंना निकामी करतात, फलन होण्याआधीच.

तांबीची बदनामी झाली ती १९७०च्या दशकातल्या डाल्कन शील्ड या बनावटीमुळे. तिचा धागा अनेक तंतूंचा, आवरणात गुंडाळलेला होता. वातीने तेल चढावं तसे जंतू त्यातून वर चढत. आताच्या तांब्यांना एकेरी तंतूचा धागा असतो.

ठाम_मत

उंटावरून खाली उतरू या. मी सहा आठवड्यांच्या बाजूचा आहे, पण त्यातली जोखीमही लिहायला हवी. तांबी आरपार जाण्याचं प्रमाण एकूण हजारात एक-दोन. साठ हजारांहून जास्त बायकांच्या युरोपातल्या पाहणीत अंगावर पाजणाऱ्यांत ते सुमारे सहापट निघालं, आणि बाळंतपणानंतरच्या ३६ आठवड्यांतही जास्त. दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर हजारात पाच-सहा. पिशवी लहान, भिंत मऊ.

म्हणजे "नको" असं नाही, "हात जपून" असं. आधी पिशवी पुढे झुकलीय की मागे हे हाताने तपासायचं. तोंड धरून ओढून कोन सरळ करायचा. सळईने खोली मोजायची, आणि सळई अपेक्षेपेक्षा जास्त आत, काहीच न अडता गेली तर तिथेच थांबायचं. कॉपर टी माथ्याशी नेली की नळी मागे ओढायची, आतला दांडा स्थिर धरायचा. दांडा पुढे ढकलून तांबी आत कोंबणं ही जुनी खोड आहे. हार्मोनच्या तांबीची रीत वेगळी: माथ्यापासून दीड-दोन सेंटिमीटर अलीकडे थांबून तांबीचे हात उघडायचे, दहा सेकंद जाऊ द्यायचे, मग माथ्यापर्यंत सरकवायची. एकीची सवय दुसरीला लावली की तांबी खाली राहते.

कॉपर टीचे हात नळीत दुमडल्यावर पाच मिनिटांच्या आत बसवायची, नंतर ते नीट उलगडत नाहीत. आणि पाकिटावरची तारीख ही बसवण्याची शेवटची तारीख. मुदत संपायच्या आदल्या दिवशी बसवली तरी आत दहा वर्षं चालते. तांबं काळसर दिसलं तरी पाकीट सीलबंद असेल तर ती चांगलीच असते.

नवी_वाचक

धागा वर काढते आहे. लगेच बसवलेल्या तांबीचा धागा सहा आठवड्यांनी दिसला नाही तर काय?

साखरझोप

इथे धागा वर काढतात, तिथे धागा वर गेला की धावाधाव. हलकेच घ्या.

कात्री

लगेच बसवलेल्यांत हे नेहमीचंच, घाबरायचं नाही. बसवताना धागा पिशवीतच राहतो आणि पिशवी आकसेल तसा खाली उतरतो. सिझरमध्ये तर कधी उतरतच नाही.

क्रम असा. आधी लघवीची गरोदरपणाची चाचणी. मग तोंडात बारीक ब्रश फिरवून धागा वळसा घेऊन बसलाय का ते बघणं. नाही सापडला तर सोनोग्राफी. पिशवीत नीट जागेवर दिसली तर काही करायचं नाही, काम चालू आहे. पिशवीत दिसलीच नाही तर "पडली असेल" म्हणून सोडायचं नाही, पोटाचा एक्स-रे काढायचा. टीच्या प्लॅस्टिकमध्ये बेरियम सल्फेट असतं, म्हणून ती एक्स-रेत दिसते. तिथेही नसली तरच पडली असं म्हणायचं. आणि उत्तर मिळेपर्यंत दुसरं साधन.

उलट धागा फार लांब लोंबत असेल तर सहा आठवड्यांनी कापायचा, तोंडापासून तीन-चार सेंटिमीटर ठेवून. नवऱ्याला टोचतो म्हणून आणखी आखूड केला तर तो ताठ होऊन जास्तच टोचतो. लांब धागा वळून मागे बसतो.

गवतीचहा

सगळ्यांचे आभार. तक्ता मोडून नव्याने मांडला. आता डावीकडे साधनं नाहीत, दिवस आहेत:

वार पडल्यापासून ४८ तासांपर्यंत (तांबीसाठी पहिली १० मिनिटं उत्तम): साधी तांबी, हार्मोनची तांबी (दोन्ही पडण्याची शक्यता सहा आठवड्यांनी बसवण्यापेक्षा जास्त), कांडी. इंजेक्शन फक्त अंगावर पाजत नसेल तर.

४८ तास ते ४ आठवडे: कांडी. इंजेक्शन वरच्याप्रमाणे. तांबी नाही.

४ आठवड्यांनंतर: दोन्ही तांब्या, कांडी. सहा आठवड्यांनंतर इंजेक्शन पाजणारीलाही.

खाली चार प्रश्न: अंगावर पाजणार का? पाळी जास्त जाणं, अनियमित होणं, बंद होणं यांतलं काय चालणार नाही? फिट्स, क्षय, एचआयव्ही यांवरची औषधं चालू आहेत का? पुढचं मूल कधी हवंय?

माझं "लगेच तांबी" हे मत तक्त्यातून काढलं. ती तीन पर्यायांतला एक म्हणून राहील.

मात्रा

आजारांचा प्रश्न वाढवा. स्तनाचा कर्करोग असेल तर हार्मोनचं कुठलंच नाही, साधी तांबी चालते. विल्सनचा आजार (शरीरात तांबं साठत जातं तो) किंवा तांब्याची अ‍ॅलर्जी असेल तर साधी तांबी नाही. रक्तदाब १६०/१०० किंवा वर असेल तर इंजेक्शन टाळायचं. आणि यातलं काहीही लैंगिक संसर्गापासून वाचवत नाही, ही ओळ तळाला.

रात्रपाळी

आणि पाचवा प्रश्न: काढायची झाली तर कुठे, कुणाकडे? बसवणारे भेटतात, काढायला गेलं की "एवढ्यात कशाला, अजून थोडे दिवस बघा" सुरू होतं. काढायला कारण द्यावं लागत नाही, मागितली की काढायची, हे तक्त्यात छापलेलं असू द्या. जिथे कांडी काढणारं माणूस नाही तिथे कांडी बसवूही नये.

ठाम_मत

मान्य. या धाग्यावर पहिल्यांदाच काही न बोलता मान्य. फक्त इंजेक्शनपुढे "पुन्हा दिवस राहायला सरासरी १० महिने" लिहाल तेव्हा ते शेवटच्या इंजेक्शनच्या तारखेपासून मोजायचे, असं लिहा. नाहीतर बाई ते परिणाम संपल्यापासून मोजते आणि तीन महिन्यांचा घोळ होतो.

गवतीचहा

लिहिलं. पाचवा प्रश्न पहिल्या नंबरवर घेतला.